स्प्रिंग बसली, साखर उरली

त्या गल्लीत हूंकाकांना खऱ्या नावानं कुणी हाक मारल्याचं कुणाला आठवत नाही. ते सोफे आणि कोच दुरुस्त करायचे. कापड ताणून धरायचं म्हटलं की दोन्ही हात गुंतलेले, मग बारीक खिळे ठेवायचे कुठे? तर तोंडात. उजव्या गालात चिमूटभर खिळे भरायचे, जिभेनं एकेक ओठांवर आणायचा, हातोडीच्या टोकाला लोहचुंबक असतं त्याला तो चिकटवायचा, आणि ठक्! त्यांच्या वडिलांनी जन्मभर हे काम असंच केलं आणि एकही खिळा गिळला नाही. निदान वडील तसं सांगायचे.

पण तोंडात खिळे असताना माणूस बोलणार काय? गिऱ्हाईक विचारायचं, "शनिवारपर्यंत होईल ना?"

"हूं."

"रंग उतरणार तर नाही?"

"हूं."

"अहो, हो की नाही?"

"हूं."

लेकीला मागणी घालायला मुलाकडची माणसं थेट दुकानात आली, तेव्हाही काका एका आरामखुर्चीची पाठ बसवत होते. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "मग पक्कं समजायचं ना आम्ही?" काका म्हणाले, "हूं." त्यांना म्हणायचं होतं, थांबा, खिळे काढतो. पण तोवर त्या गृहस्थांनी टाळी वाजवून "पक्कं!" असं पुकारलंसुद्धा. देवाच्या कृपेनं जावई सोन्यासारखा निघाला, म्हणून निभावलं.

पुकारलं असं म्हटलं, कारण व्याह्यांचा धंदाच पुकारण्याचा. ते लिलाव करायचे. बंद पडलेल्या हॉटेलातल्या खुर्च्या, कुणाच्या आजोबांचं कपाट, पाय मोडलेलं टेबल, सगळं ते उभ्या उभ्या खपवायचे. आवाज असा की समोरच्या इमारतीतल्या माणसानं बोली लावावी. घरी जेवायला बसले तरी "भाजी एकदा, भाजी दोनदा" असं म्हणून भांडं रिकामं करायचे. विहीणबाईंनी केव्हाच हात टेकले होते.

आता योगायोग बघा. एकाच वर्षी आधी व्याह्यांच्या छातीत कळ आली आणि पाठोपाठ हूंकाकांच्या. दोघंही एकाच दवाखान्यात, एकाच डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली. दोघांच्याही हृदयाच्या नळीत धातूची बारीक जाळी बसवली. स्टेंट म्हणतात तिला. सोयरीक असावी तर अशी, असं गल्लीत जो तो म्हणायला लागला.

जाळी बसवल्यावर काकांनी विचारलं होतं, "स्प्रिंगच ना ती?"

डॉक्टरीणबाई घाईत होत्या. म्हणाल्या, "तसंच समजा."

झालं! तिथेच माशी शिंकली. कारण स्प्रिंग म्हटलं की काकांना जगात कुणी काही शिकवायचं कामच नव्हतं. स्प्रिंगवर त्यांचं अख्खं आयुष्य गेलं होतं. डॉक्टरीणबाई पुढे बरंच काही सांगत होत्या, तुम्हाला मधुमेह आहे, तेव्हा तुमचं खरं काम आता सुरू होतंय, साखर आटोक्यात हवी, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत, वगैरे. काका मान हलवत होते, आणि मनात विचार करत होते की एवढ्या बारीक तारेला पीळ कसा देत असतील.

"काय म्हणाल्या त्या, कळलं ना?" काकूंनी रिक्षात विचारलं.

"हूं," काका म्हणाले. त्या दिवशी तोंडात एकही खिळा नव्हता. पण सवय.

काकांचा हिशेब साधा होता. मधुमेह त्यांना किती तरी वर्षांपासून होता. साखर जाते पोटात, स्प्रिंग आहे छातीत. दोघींचा पत्ता वेगळा, दार वेगळं. आणि आपण बसवलेली स्प्रिंग कधी परत आलेली नाही, मग एवढ्या शिकलेल्या बाईंनी बसवलेली कशाला येईल?

त्यात व्याह्यांनी तेल ओतलं. त्यांना मधुमेह नव्हता. लेकीकडे सगळे जेवायला जमले की व्याही पावावर जॅम असा थापायचे, जसा गवंडी भिंतीला गिलावा करतो, आणि काकांच्या ताटाकडे बघून म्हणायचे, "अरेरे, तुम्हाला नाही का चालत? माझं बुवा तसलं काही नाही. तेल-तूप बेताचं, बाकी सगळं खुलं!"

"स्प्रिंग तर सारखीच आहे," काका पुटपुटायचे.

"माल सारखा असेल हो. पण कोच कुठला, तेही बघावं लागतं ना!" आणि व्याही एवढ्या मोठ्यानं हसायचे की नातू दचकून रडायला लागायचा.

हे काकांच्या जिव्हारी लागलं. माणसानं एक वेळ आजार सोसावा, पण व्याह्यांचं हसणं? छे!

मग त्यांनी आपला मार्ग काढला. लिमलेटच्या गोळ्या. लहानपणापासूनचं वेड. काकू दुकानात वरचेवर चक्कर मारायच्या, कधी चहाच्या निमित्तानं, कधी नुसत्याच. पण उजव्या गालात खिळे असतात हे सगळ्या जगाला माहीत. डाव्या गालात काय आहे हे कोण बघणार? काकूंनी विचारलं, "काही खाताय का?" की "हूं". "गोड तर नाही ना?" की "हूं". एकदा मात्र घात झाला. जिभेची गफलत होऊन काकांनी हातोडीला गोळी लावली आणि खिळा चघळला. गिऱ्हाइकाच्या निळ्या मखमलीवर पिवळी गोळी ठेचली गेली. काका म्हणाले, ही नवीन पद्धतीची डिंकाची गोळी आहे, चिकटून राहते. गिऱ्हाईक भारावून गेलं.

पुडी कुठे लपवायची हाही प्रश्न नव्हता. समोर जो कोच उघडा असेल त्याच्या पोटात. खाली गोणपाट, मध्ये काथ्या, वर कापूस, आणि काथ्या-कापसाच्या मध्ये गोळ्यांची पुडी. हात घातला की गोळी. कोच शिवायच्या आधी पुडी काढायची आणि पुढच्या कोचात ठेवायची. पुडीसुद्धा कोचामागून कोच फिरत होती, बदलीच्या नोकरीतल्या माणसासारखी.

साखर तपासायची वेळ आली की काका दोन दिवस अगदी साधुपुरुष व्हायचे. उकडलेल्या भाज्या खायचे, उपाशीपोटी रक्त द्यायचे, आणि आकडा बरा आला की काकूंना तो लांबूनच दाखवायचे. काकू बिचाऱ्या देवापुढे हात जोडायच्या. काकांना त्या वेळी जरा कसंसंच व्हायचं, नाही असं नाही. मग ते दुकानात जाऊन एक गोळी तोंडात टाकायचे, म्हणजे ते कसंसं होणं थांबायचं.

पण हळूहळू एक झालं. कापड ताणताना काकांना दम लागायला लागला. आधी मोठ्या कोचाला, मग खुर्चीला, मग साध्या स्टुलालासुद्धा. घाम यायचा. मग ते जो कोच दुरुस्त करत असतील त्यावरच बसायचे. कुणी आलं तर दोनदा उसळून दाखवायचे, म्हणजे माणसाला वाटावं, स्प्रिंगा तपासताहेत. गल्लीत बोलबाला झाला की काका आता फार बारकाईनं काम करतात, एकेक कोच अर्धा अर्धा तास तपासतात.

दुखत मात्र नव्हतं. पहिल्या खेपेला थोडी का होईना, कळ आली होती. आता तीही नाही. आणि दुखत नाही म्हणजे सगळं ठीक, अशी काकांनी स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर पुरती पटली नव्हती. मनातून त्यांची पाचावर धारण बसली होती. सांगावंसंही वाटायचं. पण सांगायचं म्हणजे काकूंना कळणार, काकूंकडून लेकीला, लेकीकडून विहीणबाईंना, आणि मग व्याही भर पंगतीत पुकारणार, "स्प्रिंग ढिली! एकदा! दोनदा!" नकोच ते. काका मूग गिळून गप्प बसले.

आणि मग मुख्याध्यापिकाबाईंचा कोच आला.

या बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण अजूनही त्या रस्त्यानं निघाल्या की मोठमोठी माणसं सिगारेट मागे लपवायची. त्यांचा तीन माणसांचा कोच काकांनी झकास केला. शेवटच्या दिवशी दम फार लागत होता, डोळ्यांपुढे जरा अंधारी आली होती, आणि तशातच त्यांनी घाईघाईनं शिवण घातली. कोच टेम्पोतून गेला. संध्याकाळी काकांनी गोळीसाठी पुढच्या खुर्चीत हात घातला तर हाताला नुसता काथ्या! पुडी बाईंच्या कोचात बसून बाईंच्या घरी गेली होती.

थोडे दिवस बरे गेले. मग एक दिवस बाईंचा फोन आला, तोही काकूंना.

"तुमच्या यजमानांना घेऊन या. आत्ता. माझ्या कोचातून मुंग्या निघताहेत. रांगेत."

बाईंचं घर वरच्या मजल्यावर. काकू पुढे, काका मागे. पहिल्या वळणावर काका थांबले आणि भिंतीचा रंग बघायला लागले. दुसऱ्या वळणावर कठड्याचं लाकूड कुठलं आहे ते बघायला लागले. काकूंनी मागे वळून बघितलं. कपाळावरून घाम गळत होता, आणि हवा तर चांगली गार होती.

"काय होतंय?"

"हूं."

"हे हूं कसलं?"

तेवढ्यात वरून आवाज आला, "जिन्यात गप्पा नकोत!" दोघंही निमूटपणे वर गेले.

मुंग्या खरंच रांगेत होत्या. मुख्याध्यापिकाबाईंच्या घरात त्यांनी तरी दुसरं काय करावं? भिंतीकडून येणारी रांग डावीकडून, जाणारी उजवीकडून. काकूंनी स्वतःच शिवण उसवली, कापूस बाजूला केला, आणि आतून चिकट, गोळा झालेली, मुंग्यांनी काळी पडलेली पुडी बाहेर काढली.

"हे कुणाचं आहे?" बाईंनी विचारलं. अगदी वर्गात विचारतात तसं.

"हूं," काका म्हणाले.

"तोंड उघडा."

काकांनी आ केला. आत ना खिळे होते ना गोळी. काकूंनी ते बघितलं, आणि इतक्या वर्षांत जे त्या कधी म्हणाल्या नव्हत्या ते म्हणाल्या, "तोंडात काही नाहीये तुमच्या. आता बोला."

काका उभ्या उभ्या धापा टाकत होते. त्यांनी कोचाकडे बघितलं, मुंग्यांकडे बघितलं, काकूंकडे बघायचा धीर झाला नाही. मग म्हणाले, "गोळ्या माझ्या आहेत."

"ते दिसतंय. आणि?"

"आणि दम लागतोय. बरेच दिवस. दुखत नाही हो, पण... दम लागतो."

काकू मटकन खाली बसल्या. मुंग्यांच्या रांगेतच. बाईंनी आधी त्यांना उठवलं, काकांना खुर्चीवर बसवून पाणी दिलं आणि खाली जाऊन स्वतः रिक्षा थांबवली. रिक्षावाला त्यांचा जुना विद्यार्थी निघाला. मीटर टाकायचीसुद्धा त्याची हिंमत झाली नाही.

काकूंनी काकांना कोचावर उसळण्यापर्यंत सगळं डॉक्टरीणबाईंना सांगायला लावलं. बाईंनी या खेपेला उपाशीपोटीच्या आकड्यावर भागवलं नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी करायला लावली. अशी काही तपासणी असते हे काकांच्या लक्षातच राहिलं नव्हतं. दोन दिवसांच्या साधुपणाचा तिच्यापुढे टिकाव लागला नाही. मग नळीत औषध सोडून चित्र घेतलं, आणि ते पडद्यावर दोघांना दाखवलं. रक्ताची वाट जाळीपाशी येऊन सुतळीसारखी बारीक झाली होती.

"स्प्रिंग मोडली?" काकांनी विचारलं.

"नाही. जागच्या जागी आहे."

"गंजली?"

"नाही हो."

"मग बसवताना काही..."

"अहो!" काकूंनी चिमटा काढला.

डॉक्टरीणबाईंना राग आला नाही. म्हणाल्या, "काका, मागच्या वेळी मी घाईत तसंच समजा म्हणाले, ती माझीच चूक. आता नीट ऐका. जाळी बसवली की शरीर तिच्यावर आतून पातळ अस्तर चढवतं. तेवढं चांगलंच असतं. पण रक्तात कायम साखर जास्त असली की नळीचं आतलं अस्तर चिडतं, सुजतं. मग ते भरून येताना कुठे थांबायचं हे त्याला कळत नाही. वाढतच जातं, जाळीच्या आत, आणि वाट बंद करत आणतं. शिवाय रक्त गोठवणारे कण जास्त चिकट होतात, म्हणजे गुठळीची भीती. आणि जिथे जाळी नाही तिथेही नळी खराब होत राहते. जाळीनं एक अडथळा दूर होतो. मधुमेह सगळ्या नळीभर असतो."

काकांनी पडद्यावरच्या त्या बारीक वाटेवर बोट ठेवलं. "म्हणजे अस्तराच्या आत कापूस जास्त भरला गेला."

"अगदी तस्सं! सांभाळूनसुद्धा काहींना होतं हे. पण तुम्ही त्याला पाहुण्यासारखं खाऊपिऊ घातलंत."

"पण दुखलं नाही की!"

"तीच तर मोठी तक्रार आहे. मधुमेहात दुखणं सांगणाऱ्या नसा बोथट होतात. इतरांना कळ येते, तुमच्यासारख्यांना नुसता दम लागतो, घाम येतो. तुमच्यासाठी दम हीच कळ. आणखी थोडे दिवस कोचावर बसून उसळत राहिला असतात, तर या काकूंना मी काय सांगितलं असतं?"

काकू पदरानं डोळे पुसत होत्या. त्या खोलीत काकांना पहिल्यांदा कळलं की इतके दिवस आपण कुणापासून काय लपवत होतो.

दुसऱ्या दिवशी औषध लावलेला फुगा नळीत घालून वाट मोकळी केली. काका जागेच होते. पडद्यावर फुगा फुगताना बघून त्यांना राहवेना. "जरा आणखी ताणा. कडेला सुरकुती दिसते."

"काका, बोलू नका."

"नाही, मी आपलं धंद्यातलं म्हणून सांगितलं."

भेटायच्या वेळेला व्याही आले. काकांनी लांबूनच आवाज ओळखला आणि चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. नर्सनं व्याह्यांना दारातच बजावलं, हळू बोला. आता हळू बोलणं म्हणजे त्यांच्यासाठी एका पायावर उभं राहण्यासारखं. चेहरा लालबुंद करून ते कुजबुजले, आणि ती कुजबुज शेजारच्या चार खाटांवर पोचली. "काय हो, झाली ना ढिली?"

ज्या वाक्याला भिऊन काकांनी एवढं केलं, ते वाक्य पडलं एकदाचं. काकांना वाटलं होतं, ते ऐकून आपण लाजेनं मरू. पण मरणं म्हणजे काय ते दोन दिवसांपूर्वीच जवळून बघून झालं होतं, आणि त्या मानानं हे फारच किरकोळ निघालं. "ढिली नाही. घट्ट झाली होती. साखरेनं," ते म्हणाले, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं त्यांनी व्याह्यांना ऐकवलं. अस्तर, चिकट कण, बोथट नसा, सगळं. लेकीच्या लग्नापासून एवढं लांबलचक ते व्याह्यांशी कधी बोलले नव्हते. जाताना व्याही शेजारच्या खाटेला ठेचकाळले.

घरी आल्यावर काकूंची वेगळीच पंचाईत झाली. काका आता सगळंच सांगायला लागले. "अगं, जांभई आली, जरा मोठी होती." "अगं, डाव्या पायाच्या करंगळीला खाज येते, सांगू का डॉक्टरीणबाईंना?" उचकी लागली की ते शेजाऱ्यांना कळवून यायचे. काकू कपाळाला हात लावायच्या, पण ऐकून घ्यायच्या. साखर उतरली होती, हवी तेवढी अजून नाही. इन्शुलिनची सुई सुरू झाली होती, आणि ती टोचताना काका डोळे मिटून रामरक्षेतलं आठवेल तेवढं म्हणायचे. बरंचसं आठवायचं नाही.

रोज चालायला सांगितलं होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी व्याही न बोलावता दारात उभे. पायात नवीन पांढरे बूट, कपाळाला पट्टी. "चला! बघू कोण किती चालतं!"

दोघं बागेच्या बाजूच्या रस्त्यानं निघाले. व्याही पुढे, हात असे फेकत की समोरची माणसं बाजूला होत होती. जरा चढ लागला. व्याही मागे वळून ओरडले, "काय हूंकाका, येताय ना?"

काका थांबले. छातीत काही नव्हतं, पण श्वास जरा वाढला होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, असं झालं की थांबायचं, बसायचं, आणि बसूनही उतरलं नाही तर सरळ फोन करायचा. आजूबाजूला फिरायला आलेली निम्मी गल्ली होती. मुख्याध्यापिकाबाईसुद्धा होत्या.

"नाही," काका मोठ्यानं म्हणाले. "मला दम लागला. मी बसतो. तुम्ही व्हा पुढे."

आणि ते बाकावर बसले.

व्याही चढाच्या मध्यावर तसेच उभे. समोरून बोलीच आली नाही, तर पुकारणारा वर कुठे जाणार? त्यांनी दोन पावलं पुढे टाकली, मग इकडे तिकडे बघितलं, आणि बुटाची नाडी बांधायचं निमित्त करत खाली आले. नाडी बांधलेलीच होती.

"उतरला का दम?" त्यांनी विचारलं. आवाज चक्क साधा होता.

"उतरतोय."

कपाळाची पट्टी काढून व्याह्यांनी मान पुसली. मग म्हणाले, "सरका जरा तिकडे. मला मघापासूनच बसायचंय."